नव्या जमान्याचा ‘खुनी विळा’

प्रेमानंद बनसोडे सरांनी आयुष्यात कधी कोंबडीसुद्धा स्वतःच्या हातानं कापली नव्हती. तरीही गेल्या एप्रिलात, वार्षिक परीक्षेचे पेपर तपासून झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्यांनी सात माणसांचे खून करायचे ठरवले आणि तसं बायकोला सकाळच्या चहाला सांगून टाकलं.

भाग्यश्रीबाई चहा गाळत होत्या. “करा की,” त्या म्हणाल्या, “फक्त येत्या रविवारी नको. नळदुर्गला भाचीचा साखरपुडा आहे.”

गाळणीवरची नजरसुद्धा त्यांनी वर केली नाही. सरांना हे जरा लागलं. माणूस चव्वेचाळीस वर्षं सरळ वागला की त्याची ही अवस्था होते. खुनाची गोष्ट काढली तरी घरचे तारखा बघतात.

गोष्ट सिनेमाची होती. सरांचे वडील आबाराव यांचा जळकोटात फोटो स्टुडिओ होता. ब्याण्णव साली त्यांनी लग्नं काढायला म्हणून व्हिडिओ कॅमेरा आणला, आणि लग्नसराई संपल्यावर कॅमेरा नुसता पडून राहिलेला बघवेना म्हणून अकरा दिवसांत ‘खुनी विळा’ नावाचा पिच्चर काढला. शहरातून सहलीला आलेली सात माणसं येडशीच्या रामलिंगच्या जंगलात वाट चुकतात आणि तोंडावर बारदान बांधलेला एक उंचापुरा माणूस त्यांना विळ्यानं एकेक करून संपवतो, एवढंच त्यात होतं. का संपवतो, हे पिच्चरभर कुणी विचारत नाही. खुनी झाला होता सिदू, मेंढरं राखणारा, आबारावांचा जिवाभावाचा दोस्त. नायिका होत्या चांगुणाबाई, म्हणजे सरांच्या मातोश्रीच, कारण दुसऱ्या कुणाच्या घरची बाई जंगलात जाऊन किंचाळायला तयार होईना. बाकीच्या बायका लुगडी नेसवलेले बापेच होते. रक्त काकवीचं होतं. व्हीसीआरवर हा पिच्चर गावोगाव फिरला आणि तालुका भ्याला. अजूनही जळकोटात लेकरू जेवेना की आया म्हणतात, “गप खा, न्हायतर सिदूमामाला बोलवीन.” सिदूमामा बिचारा शेजारच्या ओट्यावर बसून हे ऐकत असतो.

त्या पिच्चरची शेवटची कॅसेट सरांना कपाटामागं सापडली. तिला पांढरी बुरशी आली होती. कुठनं तरी व्हीसीआर मिळवून लावली, तर दोन मिनिटं पडद्यावर नुसत्या मुंग्या आणि त्या मुंग्यांतून एकदा आईची किंकाळी, बस. वडिलांनी आयुष्यात केलेली एवढी एकच मोठी गोष्ट, आणि ती बुरशीनं खाल्ली! तिथंच त्यांनी ठरवलं, की ‘खुनी विळा’ नव्यानं काढायचा, नव्या जमान्याच्या प्रेक्षकांसाठी.

हा ‘नव्या जमान्याच्या’ शब्द त्यांनी आबारावांसमोर जरा जपून उच्चारला. आबाराव त्र्याहत्तर वर्षांचे. ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी चष्मा पुसला.

“काढ की,” ते म्हणाले. “फक्त त्यात भूत घालू नको. भूत नसतंय. मारतो त्यो माणूसच असतो. आन् खुनी सिदूच पायजे.”

यापुढं त्यांनी या विषयावर तोंड उघडलं नाही. ते रागावले असते, खूश झाले असते, निदान ‘तुला जमायचं न्हाय’ म्हणाले असते तरी सरांना बरं वाटलं असतं.

बाकीच्या गावाचं तोंड मात्र उघडंच होतं. शेजारचा शंभुलिंग लग्नाचं शूटिंग करतो, त्याच्याकडं ड्रोनसुद्धा आहे. त्याला सरांनी कॅमेरामन म्हणून घेतलं, तर त्यानं पहिला प्रश्न विचारला, “भूत कवा येतंय सर?” भूत नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. “मग निदान चेटकीण?” पिठाच्या गिरणीवर, केस कापताना, दूध घेताना, जिथं जावं तिथं लोक सरांना एकेक भूत देऊ करत. कुणी पिंपळावरचं देई, कुणी आपल्या आजोबांना खरोखर दिसलेलं. सर प्रत्येकाला वैज्ञानिक दृष्टिकोन समजावून सांगत आणि प्रत्येक जण शेवटी म्हणे, “ते खरंय सर, पण एक तरी भूत पायजेच.”

शाळेतल्या शिवकन्या मॅडमची अडचण वेगळी होती. त्यांनी पटकथा लाल पेनानं तपासून परत दिली. “सर, जुन्या पिच्चरमध्ये सात खुनांत पाच बायका. का? बायकाच सापडतात का मारायला?” सरांनी ओशाळून एक खून वाढवला आणि चार पुरुष, चार बायका असा समतोल साधला. ही बातमी गावात गेली आणि दुसऱ्या दिवसापासून मरायला रांग लागली. वरच्या आळीचे तीन मरणार असतील तर खालच्या आळीचे दोनच का, असा सवाल आला. उपसरपंच रामहरी स्वतः घरी आले, चहा घेतला, आणि दार लोटून हळूच म्हणाले, “सर, मला घ्या, पण मारू नका. येत्या वर्षी निवडणूक हाय. रामहरी पडला असं पडद्यावर दिसलं तर विरोधक ते तेवढंच कापून फिरवतील.” तेव्हा उपसरपंचांना मरायचं नाही, पण पिच्चरमध्ये तर राहायचं, म्हणून त्यांना प्रत्येक खुनानंतर येऊन ‘चौकशी करू’ म्हणणारा अधिकारी करण्यात आलं. हे मात्र पुढं लोकांना फार खरं वाटलं.

नायिका म्हणून आरोग्य उपकेंद्रातली नर्स प्रतीक्षा मिळाली. पोरगी धीट, आवाज खणखणीत, अडचण एकच, तिला शरीरशास्त्र माहीत होतं. “सर, इथं वार झाल्यावर माणूस एवढं बोलत नाही,” ती पटकथेवर बोट ठेवून म्हणे. “हा तर चार पानं बोलतोय.” ती चार पानं म्हणजे भूगोल शिकवणाऱ्या सरांचा जीव की प्राण होती. मरता मरता एक पर्यटक पर्जन्यछायेच्या प्रदेशाविषयी बोलतो, असा तो प्रसंग होता. ती पानं गेली. सर दोन दिवस नीट जेवले नाहीत.

राहिला सिदूमामा. वय सदुसष्ट, डावा गुडघा गेलेला, पण उंची तीच. सर भीत भीत त्याच्या घरी गेले. त्याची बायको गजराबाई ताक द्यायला बाहेर आली आणि विषय कळल्यावर ताक घेऊनच आत गेली. सिदूमामानं मात्र हातातली काठी भिंतीला टेकवून ठेवली.

“मास्तर, म्या येतो,” तो म्हणाला. “पर एक मागनं हाय. त्या पिच्चरात म्या एक सबुद बोललो न्हाय. तोंडाला बारदान. सोलापूरच्या पाव्हण्यांना सांगतो, ह्यो म्या हाय, तर समदे हसत्यात. औंदा तोंड दिसू द्या, आन् एक डायलाक द्या. एकच.”

“खुनी बोलत नसतो, सिदूमामा. बोलला की भीती जाते.”

“तीस-बत्तीस वर्सं गप बसलो की.”

दिग्दर्शक म्हणून सरांनी मन घट्ट केलं. कथेला धरून नाही, असं म्हणाले. वर बारदानाऐवजी त्यांनी ऑनलाइन मागवलेला रबराचा मुखवटा पुढं केला. त्यावर टाके मारलेले होते आणि एक डोळा लोंबत होता. सिदूमामानं तो घातला, आतून काहीतरी बोलला, ते कुणालाच कळलं नाही.

मग सुरू झाला परवानगीचा प्रवास. जंगल अभयारण्यात येत असल्यामुळं अर्ज करणं आलं. ज्या कचेरीत अर्ज दिला तिचं नाव सरांनी पुढं कधी घेतलं नाही, म्हणून आपणही घेऊ नये. अर्जात ‘चित्रीकरणाचा उद्देश’ असा रकाना होता. सर प्रामाणिक माणूस. त्यांनी लिहिलं, ‘आठ खून.’

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “अभयारण्यात शिकारीला बंदी आहे, गुरुजी.”

“शिकार नाही साहेब, माणसं मारायची आहेत.”

“मग हा विषय आमच्याकडं येत नाही.”

सर दुसऱ्या कचेरीत गेले. तिथं प्रश्न विळ्याचा निघाला. विळा खरा की खोटा? खोटा, पुठ्ठ्याचा, वर चंदेरी कागद. खोटा आहे याचा पुरावा? तेव्हा ग्रामपंचायतीकडून दाखला आणावा लागला: ‘दाखला देण्यात येतो की, सदर विळा पुठ्ठ्याचा असून त्याने मनुष्य, जनावर अथवा गवत यापैकी काहीही कापले जाण्याची शक्यता नाही.’ खाली उपसरपंचांची सही, गोल शिक्का. पंचायतीनं आजवर दिलेल्या दाखल्यांत इतका बिनचूक दाखला दुसरा नसेल.

चार हेलपाट्यांनंतर परवानगी आली. एकच दिवस, सूर्योदय ते सूर्यास्त. विस्तव पेटवू नये, ड्रोन उडवू नये, प्राण्यांना खायला घालू नये. आणि पाचवी अट अशी, की मोठ्यानं आवाज करू नये.

सरांनी ती अट तीनदा वाचली. आठ खून, दिवसाउजेडी आणि मुकाट्यानं!

मार्ग निघाला. सगळं अंधारातलं असल्यागत कॅमेऱ्याला निळी काच लावून घ्यायचं आणि किंकाळ्या नंतर घरी भरायच्या. प्रतीक्षाला ड्युटी असल्यामुळं नमुन्याच्या किंकाळ्या भाग्यश्रीबाईंनी मारून बघाव्यात असं ठरलं. भाग्यश्रीबाईंनी स्वयंपाकघराचं दार लावून, सगळा जीव एकवटून, एकच किंकाळी मारली. मिनिटाच्या आत अर्धी आळी अंगणात. सर हातात मोबाईल घेऊन, भाग्यश्रीबाई घाम पुसत, आणि बायका सरांकडं अशा बघतायत की त्यांना पर्जन्यछायाही आठवेना. सरांनी खुलासा केला. कुणी मानला नाही. त्या आठवड्यात शेजारणी भाग्यश्रीबाईंना एकटं गाठून विचारत, “खरं सांगा ताई, काही त्रास हाय का?” भाग्यश्रीबाईंनीही लगेच नाही म्हणून सांगितलं नाही. तेवढ्यानं चार लोक त्यांच्या बाजूचे होत असतील तर वाईट काय!

मे महिन्यातल्या एका शनिवारी पहाटे दोन जीपा भरून मंडळी येडशीला निघाली. आबारावांनी ‘मी बी येतो’ म्हटलं आणि आपली घडीची खुर्ची बरोबर घेतली. जंगलात पोचल्यावर त्यांनी ती सागाच्या सावलीत मांडली आणि हात मांडीवर ठेवून बसले. मदतीला नाही, बघायला. सरांना पाठीवर ती नजर दुपारपर्यंत जाणवत होती. वर्गात साहेब तपासणीला आल्यावर सुद्धा त्यांना असं कधी झालं नव्हतं.

कचेरीनं लक्ष ठेवायला एक रक्षक दिला होता. तो तोंडावर बोट ठेवून उभा राहिला.

पहिला खून साडेनऊला झाला. मयत होता सरांचाच मेहुणा. शंभुलिंगनं तो उत्तम टिपला, पण बारा वर्षं लग्नं काढलेला हात, त्याला सवय सुटेना. त्यानं विळ्यावरून कॅमेरा हळूहळू वर नेला, मेहुण्याभोवती दोनदा फिरवला, आणि वर मागून सवाष्ण ओवाळायला येणार असल्यासारखी जागा सोडली. “शंभुलिंग, हा खून आहे,” सर कुजबुजले. कुजबुजूनच रागवावं लागत होतं. “व्हय सर, पर लाईट लई गोड पडलाय.”

दुसऱ्या खुनाला सिदूमामाच्या गुडघ्यानं घात केला. प्रतीक्षानं जीव घेऊन पळायचं आणि खुन्यानं संथ चालत तिला गाठायचं, असा प्रसंग. पण ती तीन ढांगांत दिसेनाशी होई आणि सिदूमामा अजून पहिल्याच झाडापाशी. त्याच्या वेगाशी मेळ बसावा म्हणून तिला वाटेत अकरा वेळा पडायला लावलं. अकराव्या खेपेला ती उठलीच नाही. बसल्या बसल्या म्हणाली, “सर, आता मीच थांबते. मामांना येऊ द्या. आल्यावर मरते.”

तरी दुपारपर्यंत तीन खून पार पडले होते आणि सरांना उमेद वाटू लागली होती. तेव्हा त्यांनी रक्ताची पातेली काढली.

आबारावांचं रक्त नुसत्या काकवीचं होतं. नव्या जमान्याला चकाकी लागते. म्हणून सरांनी काकवीत गुलाबाचं सरबत आणि मध घालून, घरी पाच वेळा करून बघून, दोन पातेली रक्त आणलं होतं. रंग असा जमला होता की प्रतीक्षानंसुद्धा मान डोलावली. वासही सुटला होता. तो वास आधी माकडांना लागला.

रामलिंगची माकडं यात्रेकरूंच्या हातचा प्रसाद खाऊन माणसाळलेली. पहिलं माकड आलं, पातेल्यात हात घालून चाटलं, आणि तोंडभर रक्त माखून फांदीवर जाऊन बसलं. मग कुटुंबच आलं. रक्षक हात हलवून इशारे करू लागला, की प्राण्यांना खायला घालायचं नाही. “आम्ही घालत नाही हो, ते घेतायत,” सर कुजबुजले. त्यात उकाड्यानं जीव कासावीस होऊन सिदूमामानं मुखवटा काढून दगडावर ठेवला होता. एका हुप्प्यानं तो उचलला, उलटापालटा केला, डोक्यात घातला. समोरच्या माकडिणीनं लोंबता डोळा बघितला आणि अशी उडी मारली की ती वरच्या वडाच्या फांदीवर, आणि फांदी गदागदा हलली.

त्या फांदीखाली आग्या मोहोळ होतं.

काय झालं ते आधी कुणालाच कळलं नाही. भुर्र असा एक आवाज आला, ऊन काळवंडल्यागत झालं, आणि रक्षकानं, सकाळपासून तोंडावर बोट ठेवलेल्या त्या माणसानं, दिवसातली पहिली आणि सगळ्यांत मोठी किंकाळी मारली. मग पाचवी अट कुणाच्या लक्षात राहते! मेलेले उठून पळाले. उपसरपंच ‘चौकशी करू’चे कागद डोक्यावर धरून पळाले. सरांनी आबारावांना खुर्चीसकट उचललं आणि जीपकडं धाव घेतली. एवढं बळ अंगात कुठनं आलं ते त्यांनाही नंतर सांगता येईना.

प्रतीक्षा मात्र जागची हलली नाही. तिच्या अंगावर मधाचं रक्त, हातावर दोन माश्या, आणि चेहरा पांढराफटक. “मला माशी चालत नाही हो,” ती म्हणाली. “मला मागं एकदा एकच चावली होती, तर तीन दिवस ॲडमिट होते.”

हे फक्त सिदूमामानं ऐकलं, कारण तोच एकटा तिथं उरला होता. त्याच्या गुडघ्यानं त्याला पळूच दिलं नव्हतं. त्यानं पुठ्ठ्याचा विळा टाकला, खांद्यावरची घोंगडी ओढली, तिच्यावर पांघरली आणि स्वतः वरून वाकून बसला.

“बसा खाली! हालू नगा!” त्याचा आवाज जंगलात घुमला. “तोंड झाका! म्या हाय, भिऊ नगा!”

सर जीपच्या काचेतून बघत होते. सगळा काळाभोर थवा त्या घोंगडीवर आणि घोंगडीबाहेरच्या उघड्या मानेवर, हातांवर. सिदूमामा हलला नाही. मेंढरांवर गारा पडताना असाच बसत असेल. सरांनी दार उघडायला हात घातला, तर आबारावांनी त्यांचं मनगट धरलं. “आता गेलास तर माश्या आनखी खवळतील,” ते म्हणाले. बोलून झालं तरी मनगट सोडलं नाही.

पंधरा मिनिटांनी माश्या उठल्या. प्रतीक्षाला एकही नवा डंख नव्हता. पहिल्या दोहोंनी हात सुजला होता, पण पिशवीत स्वतःची औषधं होती, ती तिनं घेतली, आणि लगेच सिदूमामाचे काटे काढायला बसली. चाळीसपर्यंत मोजले, मग मोजायचं सोडलं.

सिदूमामाला दवाखान्यात दोन दिवस ठेवावं लागलं. सरांचं तोंड एका बाजूनं भोपळ्यासारखं सुजलं होतं, तरी ते रोज जाऊन कॉटशेजारी उभे राहत. बसायची त्यांना लाज वाटे. पहिल्याच संध्याकाळी गजराबाई आली. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, मग सरांकडं.

“काय वाईट केलंय वो तुमच्या घराचं ह्यांनी?” ती म्हणाली. “बापानं खुनी केलं. लेकरं जवळ येईनात, शेजारीन ताक मागायची तर दारातनंच. लेकानं माश्यांच्या म्होरं टाकलं. आता नातवाची वाट बगू का आमी?”

सरांचं एका बाजूचं तोंड सुजलेलं, त्यात डोळ्यांतून पाणी, तेही एकाच डोळ्यातून. माणसाला धड रडूही येऊ नये, अशी वेळ होती ती.

तेवढ्यात कॉटवरून आवाज आला. सिदूमामाचे ओठ एवढाले झाले होते. “मास्तर,” तो म्हणाला, “म्या बोललो ते रेकाड झालं का?”

झालं होतं. शंभुलिंग पळाला तेव्हा कॅमेरा तिवईवर तसाच चालू राहिला होता. लग्नातसुद्धा त्याचं असंच होतं म्हणे, जेवायला गेला की.

परवानगी एकाच दिवसाची, ती संपली. वर कचेरीकडून पत्र आलं, पाचव्या अटीचा भंग का झाला याचा लेखी खुलासा मागणारं. सरांनी खुलासा लिहिला आणि सगळ्यात मोठ्यानं कोण ओरडलं हे लिहिण्याचा मोह टाळला. तो रक्षकही सुजलाच होता. आठपैकी तीन खून, अकरा वेळा पडणं, आणि माश्या. एवढ्या भांडवलावर पिच्चर कसा व्हायचा? सरांनी सगळं एका ड्राइव्हवर भरून ती ड्राइव्ह कपाटात टाकली आणि भूगोलाकडं वळले.

आठवड्यानं आबाराव म्हणाले, “जेवढं हाय तेवढं दाखीव.”

“आबा, ते काही पिच्चर नाही झालं.”

“लोकांनी जीव घातलाय त्यात. त्यांना बघू दे तरी.”

जूनमध्ये, शाळा उघडायच्या आदल्या रविवारी, दुपारी समाजमंदिराच्या खिडक्यांना चादरी लावून खेळ झाला. चाळीस मिनिटांचा नवा ‘खुनी विळा’. झाडून गाव आलं. गजराबाईसुद्धा, पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून.

पहिल्या खुनाला लोक हसले. थोडेथोडके नव्हेत, पोट धरून. कॅमेरा मेहुण्याभोवती फिरू लागला तर कुणीतरी मागून मंगलाष्टक सुरू केलं. दुसऱ्या खुनाला प्रतीक्षा पाचव्यांदा पडली तेव्हा सगळं मंदिर मोजू लागलं, ‘सहा! सात!’ उपसरपंच ‘चौकशी करू’ म्हणाले त्याला तर शिट्ट्या पडल्या. सर भिंतीला टेकून उभे होते. त्यांचे कान तापले. मग ते चपला न घालताच बाहेर आले आणि मागच्या ओट्यावर जाऊन बसले. आतून हसण्याच्या लाटा येत होत्या. तीस-बत्तीस वर्षं तालुक्याला घाबरवून ठेवलेला पिच्चर त्यांनी एका दुपारी हास्यास्पद करून दाखवला होता. बुरशी बरी होती, तिनं निदान अब्रू राखली होती.

आणि मग आतला आवाज बंद झाला. एकदम. सरांना वाटलं, वीज गेली. भाग्यश्रीबाई दारात आल्या. “अहो, आत या.”

“नको.”

“या म्हणते ना!”

दारातून सरांना पडद्याआधी माणसं दिसली. पडद्यावर सिदूमामाचा चेहरा होता, ना बारदान ना मुखवटा, वर माश्यांचा काळा पडदा. “बसा खाली! हालू नगा!” त्याचा आवाज आला आणि पहिल्या दोन रांगा खरोखरच डोकं झाकून खाली बसल्या. लेकरं आयांना बिलगली. गजराबाई तेवढी ताठ उभी राहिली होती, तोंडावर पदर, आणि पदराआडून म्हणत होती, “म्हागं बगा की वो! म्हागं हायत!” सिदूमामा तिच्या शेजारीच बसला होता. त्यानं तिला हात धरून खाली बसवलं.

तिथंच पिच्चर संपत होता, कारण पुढं काही घेतलंच नव्हतं.

लोक सिदूमामाभोवती गोळा झाले. सोलापूरहून पाव्हणे आले होते, ते त्याच्या मानेवरच्या डागांना बोट लावून बघत होते. सर पुन्हा मागच्या ओट्यावर आले. थोड्या वेळानं काठी टेकत आबाराव आले, मागोमाग चांगुणाबाई. दोघंही त्यांच्या शेजारी बसले.

“हसले सगळे,” सर म्हणाले.

“हसनारच,” आबाराव म्हणाले. “माझ्यालाबी हसले व्हते.”

“कशाला?”

“‘खुनी विळा’ला. जळकोटात हसले, नळदुर्गात हसले, आनखी एका गावात तर लोकांनी सिदूला बोलावून नाचायला लावलं. म्या कॅसेट हिरीत टाकनार व्हतो. मग तामलवाडीला खेळ लावला. ऐन रंगात लाईट गेली. अंधारात कुनाची तरी म्हैस दावं तोडून मंडपात शिरली आन् लोकांच्या अंगावरनं गेली. जी पळापळ झाली! दुसऱ्या दिवशी आसपासच्या गावात बोभाटा, बनसोडेचा पिच्चर बघून मानसं बेसुद पडत्यात. तवापासनं लोक घरनंच भिऊन येऊ लागले.”

“म्हैस न्हवती,” चांगुणाबाई म्हणाल्या. “रेडा व्हता.”

सर वडिलांकडं वळले. “मग मला हे कधी सांगितलं का नाही?”

आबारावांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “कसं सांगू? तू अकरा वर्सांचा. पिच्चर बघून आठ दिवस आईचा पदर सोडला न्हाईस, परसाकडंला एकटा जाईनास. म्या म्हनलं, समदा तालुका हसू दे. एक मानूस तरी खरा भ्यालाय.”

आतून ओरडा आला, “सर, पुन्हा लावा! पाव्हण्यांना सुरवातीपासनं बघायचाय!”

सर उठले. आबारावांना हाताला धरून आत घेऊन गेले, दोन माणसांना सरकायला सांगून वडिलांच्या शेजारी मांडी घालून बसले, आणि पहिल्याच खुनाला, अजून मेहुणा नीट पडलासुद्धा नव्हता, तेव्हा सगळ्यांच्या आधी तेच हसले.